उमेदवार कुणाच्या बोलावण्याला येतो?

१६ फेब्रुवारी २०२२. माघी पौर्णिमेची खंडोबाची यात्रा, खेड तालुक्यातलं निमगाव दावडी आणि घाटाच्या दोन्ही कडांना दाटीनं उभी माणसं. शिरूरचे खासदार अमोल कोल्हे घोडीवर बसले आणि बैलगाड्यापुढं त्यांनी ती पळवली. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या की बारीपुढं, म्हणजे पळत्या गाड्यापुढं, घोडी धरीन, असा शब्द त्यांनी २०१९ च्या प्रचारात दिला होता. शर्यतींवर २०१४ पासून सर्वोच्च न्यायालयाची बंदी होती. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं महाराष्ट्राला परवानगी दिली आणि विरोधकांनी लगोलग त्या शब्दाची आठवण काढली. घोडी कधी धरताय, हा प्रश्न तालुक्यात घरोघरी पोचला. टाळणं परवडणारं नव्हतं. गाडामालक असला हिशेब विसरत नाहीत, आणि खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, भोसरी या पट्ट्यात गाडामालकांचं घर नाही असं गाव शोधावं लागेल.

चाकण याच मतदारसंघात येतं. पुणे-नाशिक आणि तळेगाव-शिक्रापूर हे दोन रस्ते तिथं एकमेकांना छेदतात. तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर आणि दुचाक्या तासन् तास अडकून पडतात. या कोंडीवर प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवार बोलतो. २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही वेळा लोकसभेची लढत कोल्हे आणि शिवाजीराव आढळराव पाटील या त्याच दोघांत झाली. एकजण आधी तीनदा निवडून आलेला, दुसरा पडद्यावरून घरोघरी पोचलेला. दोघंही बोलण्यात पक्के. त्यांना एका टेबलाशी बसवून रस्त्यासाठी भूसंपादन कुठं अडलं, पैसे कुणाच्या खात्याचे, मुदत किती, असं विचारणारा कार्यक्रम मतदारांना नक्की आवडला असता. पण बारीपुढं घोडी धरायला लावणारा गाडामालकांचा गट जसा तयार होता, तसा या प्रश्नांची उत्तरं द्यायला लावणारा कोण? उमेदवारांच्या जाहीर चर्चेचा सगळा पेच इथं येऊन थांबतो. हॉल, माईक, सूत्रसंचालक सगळं मिळतं. ज्याला नाही म्हणायची उमेदवाराला भीती वाटेल असा यजमान मिळत नाही.

‘हिंमत असेल तर समोरासमोर या’ हे वाक्य मराठी राजकारणात इतक्यांदा म्हटलं गेलंय की त्याची धार गेली आहे. बहुतेक आव्हानं पत्रकार परिषदेत जन्मतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत संपतात. देशपातळीवरही निराळं घडत नाही. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि ज्येष्ठ संपादक एन. राम या तिघांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना पत्र लिहून जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. तिघांच्या निष्पक्षतेबद्दल शंका घ्यायला जागा कमी होती. राहुल गांधींनी होकार कळवला. भाजपनं युवा मोर्चाच्या एका पदाधिकाऱ्याचं नाव पुढं केलं. चर्चा झाली नाही. पत्र सभ्य होतं, कल्पना चांगली होती, पण पत्र लिहिणाऱ्यांच्या हाती मतं नव्हती.

गोव्यात २०२१ च्या जुलैत मात्र एक चर्चा खरंच झाली. दिल्लीतल्या मोफत विजेचा दाखला देत आम आदमी पक्ष गोव्यात प्रचार करत होता. गोव्याचे तेव्हाचे वीजमंत्री नीलेश काब्राल आणि दिल्लीचे तेव्हाचे वीजमंत्री सत्येंद्र जैन यांनी एकमेकांची आव्हानं स्वीकारली आणि पणजीत समोरासमोर बसून वीजदरांवर वाद घातला. दोघांनाही त्यात फायदा दिसत होता. नव्या पक्षाला गोव्याच्या मंत्र्याच्या बरोबरीनं बसायला मिळत होतं आणि मंत्र्याला बाहेरून आलेल्याला घरच्या मैदानावर गाठायचं होतं. शिवाय विषय एकच आणि तोही आकड्यांत मोजता येणारा. चर्चेला हे फार मानवतं.

उमेदवार येत नाही याचं कारण घमेंड असतंच असं नाही. बऱ्याचदा तो साधा हिशेब असतो. जो पुढं आहे त्यानं मंचावर येऊन मिळवायचं काय? बरोबर बसल्यानं प्रतिस्पर्ध्याची उंची वाढते आणि एखादं उत्तर फसलं तर तेवढाच तुकडा मोबाईलवर फिरत राहतो. मार्च २०१९ मध्ये मावळ लोकसभेचे उमेदवार पार्थ पवार यांनी चिंचवडमध्ये पहिलं जाहीर भाषण केलं. कागद बघून वाचताना ते अडखळले आणि काही तासांत ते चित्रण राज्यभर पोचलं. वास्तविक पहिल्या भाषणात अडखळणं हा काही गुन्हा नव्हे, आणि मावळचा निकाल त्या काही मिनिटांनी लागला असं म्हणणंही भाबडेपणाचं होईल. पण उमेदवारांच्या सल्लागारांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतलाच असणार. अमेरिकेत २६ सप्टेंबर १९६० ला केनेडी आणि निक्सन यांची पहिली दूरचित्रवाणी चर्चा झाली. आजारातून नुकता उठलेला, थकलेला दिसणारा निक्सन लोकांनी पाहिला. त्यानंतर पुढच्या तीन निवडणुकांत, म्हणजे १९७६ पर्यंत, तिथं अध्यक्षपदाची एकही चर्चा झाली नाही. त्यांतल्या दोन निवडणुका खुद्द निक्सननं लढवल्या होत्या.

मग पुढं असलेल्याला आणायचं कसं? १८५८ साली इलिनॉयमध्ये अब्राहम लिंकननं एक खोडसाळ युक्ती केली. सिनेटर स्टीफन डग्लस जिथं सभा घेई, तिथं त्याच्या पाठोपाठ जाऊन लिंकन आपलं भाषण करू लागला. गर्दी डग्लसची, फायदा लिंकनचा. शेवटी डग्लसनं सात ठिकाणी एकत्र चर्चा करायचं मान्य केलं. पहिल्या वक्त्याला तासभर, दुसऱ्याला दीड तास, पुन्हा पहिल्याला अर्धा तास. सूत्रसंचालक नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. आज इतका वेळ कुणी ऐकून घेणार नाही, पण तेव्हा लोक गाड्या जुंपून यायचे. ती जागा डग्लसनंच राखली. लिंकननं मात्र वर्तमानपत्रांत छापून आलेल्या दोन्ही बाजूंच्या भाषणांची कात्रणं जपून ठेवली आणि १८६० मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्याच वर्षी तो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला.

पुण्यात या बाबतीत एक गोड प्रथा आहे. फर्ग्युसन रस्त्यावरचा वाडेश्वर कट्टा निवडणुकीच्या दिवसांत सर्व पक्षांच्या उमेदवारांना नाश्त्याला बोलावतो. राष्ट्रवादीचे अंकुश काकडे हे त्याचे मुख्य सूत्रधार. २०२४ च्या लोकसभेला मुरलीधर मोहोळ, रवींद्र धंगेकर आणि वसंत मोरे हे तिघंही तिथं एकत्र बसले, इडली-डोसा खाल्ला, एकमेकांना चिमटे काढले. छायाचित्रं छान येतात. बाकी महाराष्ट्रात उमेदवार एकमेकांकडं बघतही नाहीत तिथं हे दृश्य दिलासा देणारंच. पण कट्ट्यावर कुणी कुणाला नदीसुधार प्रकल्पाचा खर्च खोदून विचारत नाही. उमेदवार येतात, कारण तिथं धोका नसतो. धोका नसलेल्या ठिकाणी मतदाराच्या हाती नवं काही लागण्याची शक्यताही कमीच.

याच्या अगदी उलट टोकाला दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. तिथं विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदाचे सगळे उमेदवार मतदानाच्या आदल्या एक-दोन रात्री हजारो विद्यार्थ्यांसमोर उभे राहतात. आधी प्रत्येकाचं भाषण, मग उमेदवारांनी एकमेकांना विचारायचे प्रश्न, मग श्रोत्यांचे. डफल्या, घोषणा, टोमणे सगळं चालतं आणि कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत रेंगाळतो. वसतिगृहात कितीही जोर असला तरी त्या रात्री गैरहजर राहायची सोय कुणाला नाही. कारण चर्चा कुठल्या पक्षाची किंवा वाहिनीची नसते. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांमधूनच नेमलेला निवडणूक आयोग ती भरवतो. अर्ज, छाननी आणि मतमोजणी बघणारी मंडळीच चर्चाही बघतात. चर्चा हा निवडणुकीचाच एक टप्पा होऊन बसलाय. २००६ च्या लिंगडोह समितीनं विद्यार्थी निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा सुचवली. एवढ्या पैशांत मोठाले फलक लागत नाहीत आणि गाड्याही फिरत नाहीत. मग बोलण्याचा भाव आपसूक वाढतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये पैशाचा भाव जास्त आहे, हे वेगळं सांगायला नको. हे शहर कारखान्यांमुळं वाढलं: १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पाठोपाठ टेल्को आणि बजाज. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. १९९७ मध्ये आणखी अठरा गावं आत आली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या पुढं होती. जुन्या गावठाणांत भावकी, आडनाव आणि नातीगोती चालतात. गावकीचा उमेदवार चर्चेला नाही आला तरी त्याचं काही बिघडत नाही, कारण त्याची मतं मुद्द्यांवर ठरलेलीच नसतात. पण वाकड, पिंपळे सौदागर, रावेत, मोशी, चिखली, चऱ्होली इथं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इमारतींची गावं उभी राहिली. तिथल्या मतदाराला नगरसेवकाचं आडनाव ठाऊक नसतं. टँकरचं बिल मात्र तोंडपाठ असतं. २५ नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी आहे. पालिकेचं पाणी पुरेसं मिळेपर्यंत आपण पाणी पुरवू, असं हमीपत्र बिल्डर देतात, आणि नंतर ते हमीपत्र आणि कोरडी टाकी घेऊन रहिवासी पालिकेच्या पायऱ्या चढतात. या भागांतल्या सोसायट्यांनी आपले महासंघ केले आहेत. चिखली-मोशी-चऱ्होली पट्ट्यातला महासंघ पाणी, कचरा, रस्ते यांसाठी सतत भांडत असतो.

चर्चेचे खरे यजमान या भागात कुणी होऊ शकत असतील तर हे महासंघ. एका आवारात पाचशे सदनिका म्हणजे हजारभर मतं, आणि अशी तीस-चाळीस आवारं एका पत्रावर सही करणार असतील तर त्या पत्राला उमेदवार नुसती पोच देऊन गप्प बसणार नाही. आत्ताही उमेदवार सोसायट्यांत येतातच. पण येतात एकेकटे. क्लबहाऊसमध्ये खुर्च्या मांडतात, कमिटी शाल देते, उमेदवार सोलर दिवे किंवा सीसीटीव्हीचं आश्वासन देतो, पुढच्या आवारात जातो. दुसऱ्या दिवशी दुसरा उमेदवार तेच आश्वासन थोडं वाढवून देतो. एकटा आलेला उमेदवार दाता असतो, आणि चौघं एकदम आले की तेच उमेदवार होतात. फरक एवढाच, पण तो सगळं बदलून टाकतो. मुंबईत १९९९ पासून काम करणाऱ्या ‘अग्नी’ या नागरिक संघटनेनं ही गोष्ट लवकर ओळखली आणि वॉर्डावॉर्डांत सगळ्या उमेदवारांना एकत्र मतदारांपुढं आणणाऱ्या बैठका भरवल्या. अशा बैठकांना मोठी नावं लागत नाहीत, स्थानिक ओळख लागते.

बोलवायचं कुणाकुणाला, इथून भांडण सुरू होतं. आमदार लक्ष्मण जगताप यांच्या निधनानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये चिंचवडची पोटनिवडणूक झाली. मतदार साडेपाच लाखांच्या वर, उमेदवार २८. एका मतदानयंत्रावर ‘नोटा’ धरून सोळाच जागा असतात, म्हणजे यंत्रंच दोन लावावी लागली. खरी लढत अश्विनी जगताप, नाना काटे आणि राहुल कलाटे या तिघांत होती, हे पान टपरीवरही कुणी सांगितलं असतं. २८ जणांना प्रत्येकी पाच मिनिटं दिली तर भाषणांतच सव्वादोन तासांहून जास्त वेळ जातो, प्रश्न राहून जातात. तिघांनाच बोलावलं तर उरलेले पंचवीस दारात उपोषणाला बसतील, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नसेल. अमेरिकेत २००० सालापासून जनमत चाचण्यांत पंधरा टक्के पाठिंबा असणाऱ्यालाच मंचावर घेण्याचा नियम होता. आपल्याकडं मतदारसंघाच्या पातळीवर भरवशाच्या चाचण्याच नसतात. शहाणपणाचा मार्ग म्हणजे निकष आधी ठरवायचा, लिहून जाहीर करायचा आणि अर्ज मागं घेण्याची मुदत संपण्यापूर्वीच जाहीर करायचा. मागच्या निवडणुकीतली मतं, मान्यताप्राप्त पक्ष, विद्यमान सभागृहातली जागा, जे काय असेल ते. उरलेल्यांसाठी त्याच दिवशी आधीचा एक तास, चिठ्ठ्या टाकून क्रम. नावं समोर आल्यावर ठरवलेला निकष कितीही न्याय्य असला तरी कुणी तो मानत नाही.

पिंपरी-चिंचवड महापालिकेत तर गुंता आणखी वाढतो. २०१७ मध्ये ३२ प्रभाग आणि १२८ जागा होत्या. एका प्रभागात चार जागा, मतदारानं चार बटणं दाबायची. चार जागांना पाच-पाच उमेदवार धरले तरी मंचावर वीस जण. यातून निघायचं तर चर्चा जागानिहाय करावी लागते, चार संध्याकाळी. आणि वेळ कुठून आणायचा? २०१७ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला, म्हणजे जवळजवळ नऊ वर्षांनी इथं मतदान झालं. मधली चार वर्षं प्रशासकच शहर चालवत होता. एवढी वाट पाहून मिळालेल्या निवडणुकीत ३ जानेवारीला चिन्हं वाटली गेली आणि १३ तारखेच्या संध्याकाळी जाहीर प्रचार थांबला. राज्यात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि राष्ट्रवादी इथं एकमेकांविरुद्ध लढले. पालिकेच्या कारभारावरचे आरोप एका सभेत झाले आणि उत्तरं दुसऱ्या सभेत. दोन्ही ठिकाणी टाळ्या आपापल्याच माणसांच्या.

चाकणसारख्या नगरपरिषदेत हे काम सोपं आहे. नगराध्यक्ष थेट निवडला जातो. जागा एक, उमेदवार मोजके, गाव एक आणि प्रश्न सगळ्यांना ठाऊक. चर्चेची सुरुवात कुठून करायची असेल तर खासदारकीपासून करण्यात अर्थ नाही, अशा नगराध्यक्षाच्या निवडणुकीपासून करावी.

कायद्याची भीती पुष्कळांना वाटते, ती निम्मी अनाठायी आहे. एखाद्या उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा घेऊन खर्च करणं हा गुन्हा आहे. आधी तो भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. पण सगळ्यांना एकाच अटींवर दिलेलं व्यासपीठ कुणा एकाच्या प्रचाराचं ठरत नाही. धोका असतो तो अर्धवट कार्यक्रमाचा. चौघांना बोलावलं, एकच आला आणि त्यालाच तासभर माईक दिला, तर ती त्याची प्रचारसभा झाली. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख आहे. खर्च-निरीक्षक असली सभा त्याच्या खात्यावर मांडू शकतो. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर सभेला बंदी, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी, पोलिसांची आणि निवडणूक कार्यालयाची परवानगी आधी. सभा उधळणाऱ्यासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२७ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम वापरायची वेळ येऊ नये म्हणून प्रवेशिका वाटतानाच प्रत्येक पक्षाला सारख्या द्याव्यात आणि उरलेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त, कुठल्याच पक्षाच्या हाती जाऊ देऊ नयेत. नाहीतर चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह असो की भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पुढच्या दहा रांगा कार्यकर्त्यांनी भरलेल्या दिसतील आणि मतदार बाल्कनीत.

आता रिकाम्या खुर्चीचं. न आलेल्या उमेदवाराच्या नावाची पाटी लावून खुर्ची मंचावर ठेवायची, ही ब्रिटनमधली जुनी खोडी. ती परिणामकारक असते, पण धमकी म्हणून वापरली तर उमेदवार आयोजकालाच विरोधकांचा माणूस ठरवतो. खुर्चीचा नियम सगळ्यांना पहिल्याच पत्रात कळवलेला असावा, आणि न येणाऱ्याला लेखी उत्तरं पाठवायची मुभा असावी; ती उत्तरं त्याच्या पाळीला वाचून दाखवावीत. उमेदवाराऐवजी प्रतिनिधी चालेल का, याचं उत्तर या पट्ट्यात एका विशेष कारणासाठी ‘नाही’ असायला हवं. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. १२८ पैकी ६४. फलकावर बाईंचा फोटो लहान आणि ‘भाऊं’चा मोठा, हे दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं आहे. माईक फक्त उमेदवाराच्या हाती, हा एक नियम पाळला तरी कितीतरी बायकांना पहिल्यांदाच आपल्या प्रभागाबद्दल स्वतः बोलायला मिळेल. आणि ज्यांना येत नाही असं घरचेच धरून चालतात, त्यांतल्या काहीजणी भाऊंपेक्षा बऱ्या बोलतील.

नियम ठरवण्याचं काम उमेदवारांच्या हाती गेलं की काय होतं, याचा दाखला अमेरिकेत आहे. लीग ऑफ वीमेन व्होटर्स ही संघटना १९७६ पासून अध्यक्षीय चर्चा भरवत होती. १९८८ मध्ये दोन्ही पक्षांच्या प्रचारप्रमुखांनी आपसांत करार केला: प्रश्न कोण विचारणार, सभागृहात कोण बसणार, कॅमेरा कुठं, आणि तो आयोजकांपुढं ठेवला. लीगनं जाहीरपणे अंग काढून घेतलं. त्यानंतर कारभार गेला तो दोन्ही पक्षांच्या पुढाकारानंच १९८७ मध्ये निघालेल्या आयोगाकडं. चर्चा चालू राहिल्या, पण यजमान बदलला होता.

प्रश्नांची गुणवत्ता ही आयोजकाची खरी मेहनत. ‘शहराच्या विकासासाठी काय करणार?’ असं विचारलं की उमेदवार दहा मिनिटं आनंदानं बोलतो. त्यापेक्षा असं विचारावं: पवना धरणातून बंद जलवाहिनीनं पाणी आणायचा प्रकल्प पुढं नेणार की सोडणार? हा प्रश्न इथं नुसता पाण्याचा नाही. ९ ऑगस्ट २०११ ला याच प्रकल्पाला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला आणि तीन जण गेले. मावळ लोकसभेत ज्यांना पाणी हवं ते पिंपरी-चिंचवडकर आणि ज्यांच्या उशाचं पाणी जाणार ते शेतकरी, दोघंही मतदार. उमेदवार चिंचवडला एक आणि मावळातल्या वडगावला दुसरं बोलू शकतो. दोन्हीकडची माणसं एकाच सभागृहात बसली की त्याला एकच उत्तर द्यावं लागतं. निळ्या पूररेषेतली घरं, संरक्षण खात्याचा रेड झोन, इंद्रायणीवरचा फेस, कंत्राटी कामगाराला कायम करणं, यांपैकी प्रत्येक प्रश्नाला हो, नाही किंवा कधीपर्यंत, असं टोक काढता येतं.

सोसायट्यांच्या महासंघाला यजमान केलं की एक वाकडेपणा मात्र येतो. सभागृहात सदनिकांचे मालक बसतात; कुदळवाडीतला, मोहननगरातला, आंबेठाण रस्त्यावरच्या खोल्यांत चौघा-पाचजणांत राहणारा कामगार येत नाही. त्याची पाळी सुरू असते, किंवा ती संपवून तो झोपलेला असतो. बऱ्याच जणांची नावं बीडच्या, नांदेडच्या, नाहीतर बिहारमधल्या गावाच्या यादीत असतात. चाकणमध्ये मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाज यांच्या गाड्या जे बनवतात त्यांच्यातल्या कितीकांना चाकणचा नगराध्यक्ष निवडायचा अधिकारच नाही. ज्यांना आहे त्यांच्यापर्यंत पोचायला या पट्ट्याकडं स्वतःची एक जुनी रीत आहे: द्वारसभा. पाळी सुटताना गेटवर, ट्रकच्या फाळक्यावर किंवा स्टुलावर उभं राहून युनियनचे पुढारी बोलतात, कामगार डबा हातात धरून ऐकतात आणि पटलं नाही तर तिथंच ओरडून सांगतात. कामगार संघटनांच्या निवडणुकांत दोन पॅनेल एकाच गेटवर एकापाठोपाठ बोलतात. या रीतीत वेळेची शिस्त आपोआप येते, बस सुटते! एक गेट, तीन उमेदवार, प्रत्येकी सहा मिनिटं आणि दोन प्रश्न. हिंदीतून प्रश्न आला तर हिंदीतून उत्तर. अडीच तासांच्या सभागृहातल्या चर्चेपेक्षा ही पंचवीस मिनिटं बरी ऐकली जातील.

एवढा खटाटोप करून मत बदलतं का? दहा देशांतल्या साठहून अधिक निवडणुका तपासणाऱ्या व्हिन्सेंट पॉन्स आणि कॅरोलिन ल पेनेक यांना दूरचित्रवाणीवरच्या चर्चांचा मतदारांच्या पसंतीवर परिणाम आढळला नाही. ते देश बहुतेक श्रीमंत आणि तिथल्या मतदाराला वर्षभर माहिती मिळत असते, हे ध्यानात घ्यायला हवं. माहिती दुर्मीळ असते तिथं चित्र निराळं दिसतं. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये २०१२ च्या निवडणुकीत चौदा मतदारसंघांतल्या संसदेच्या उमेदवारांच्या चर्चा चित्रित केल्या गेल्या आणि फिरत्या सिनेमासारख्या गावोगाव पडद्यावर दाखवल्या. गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती, त्यामुळं ज्यांनी पाहिलं आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांची तुलना करता आली. पाहणाऱ्यांना उमेदवार आणि त्यांची धोरणं अधिक नीट ठाऊक झाली आणि चर्चेत सरस ठरलेल्याकडं काही मतं वळली. गंमत म्हणजे जिथं चर्चा दाखवली तिथं उमेदवारांनी प्रचारही वाढवला, भेटवस्तूंसकट. चर्चेनं पैशाचा प्रचार थांबेल, अशी आशा ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पुढचा निष्कर्ष जास्त कामाचा आहे. निवडून आल्यावर या खासदारांना मतदारसंघासाठी जो ठराविक निधी मिळत होता, त्यातला किती प्रत्यक्ष कामांवर लागला हे संशोधकांनी जागेवर जाऊन पाहिलं. ज्यांची चर्चा झाली होती त्यांनी न झालेल्यांच्या सुमारे अडीचपट पैसे दाखवता येतील अशा कामांवर लावले होते.

पिंपरी-चिंचवडमध्ये फिरता पडदाही लागणार नाही. प्रत्येक सोसायटीचा आणि प्रत्येक युनियनचा व्हॉट्सॲप गट तयार आहे. लागेल ते संपूर्ण चित्रण, कापाकापी न केलेलं, प्रश्नागणिक तुकडे पाडलेलं आणि तारीख घातलेलं. महापालिकेची सर्वसाधारण सभा दर महिन्याला भरते. पाणीपुरवठ्याचा विषय पटलावर येईल त्या सकाळी संबंधित प्रभागाच्या चारही नगरसेवकांचे पाण्याच्या उत्तराचे तुकडे त्या गटांवर टाकायचे, हे काम महासंघाच्या एखाद्या निवृत्त सभासदाला अर्ध्या तासाचं आहे.